मोलची फर आणि काळ्या रानातला उंदीर

इंग्रजीच्या पुस्तकात ‘मोल’ आला की बीड जिल्ह्यातल्या शिक्षकांची पंचाईत होते. कोणी त्याला चिचुंद्री म्हणून वेळ निभावतात, कोणी घूस. तो दोन्ही नव्हे. मोल हा जमिनीखाली राहून मुख्यतः गांडुळांवर जगणारा प्राणी. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडे आढळतो, दख्खनमध्ये नाही.

त्याची फर मात्र समजून घेण्याजोगी आहे. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर केस बसतात, उलट फिरवला तर उभे राहतात. मोलचे आखूड, दाट केस कातडीवर सरळ उभे असतात आणि कोणत्याही दिशेला लवतात. त्यामुळे अरुंद बोगद्यात त्याला पुढे जाता येते तसेच मागेही सरकता येते. ब्रिटनमध्ये कुरणे उकरणारे मोल पकडण्याचा धंदा जुनाच होता. विसाव्या शतकाच्या आरंभी राणी अलेक्झांड्राने या फरचे वस्त्र करवून घेतले आणि त्यामुळे मोलच्या कातड्याला बाजार आला, असे सांगतात. प्राणी वीतभर, म्हणून एका कोटाला शेकडो कातडी लागत. ‘मोलस्किन’ नावाचे कापड मात्र निव्वळ सुती!

आपल्याकडे या गोष्टीचा जोडीदार शोधायचा तर काळ्या जमिनीतल्या मऊ केसांच्या उंदराकडे वळावे लागते. वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्याने धारवाडकडच्या ‘दक्षिण मराठा मुलखा’तील सस्तन प्राण्यांची यादी 1839 मध्ये प्रसिद्ध केली. तीत हा उंदीर आहे. वडार त्याला ‘मेट्टाड’ म्हणत. शास्त्रीय नावात तेच ‘मेल्टाडा’ होऊन बसले.

एलियटची नोंद आजही वाचण्यासारखी आहे. हा उंदीर झुडपांच्या मुळाशी, दगडांखाली आणि काळ्या जमिनीच्या भेगांत राहतो. पावसाच्या पहिल्या सरींनी भेगा भरल्या की दरवर्षी पुष्कळ उंदीर मरतात. 1826 मध्ये पाऊस अपुरा पडला, भेगा भरल्या नाहीत, उंदीर बेसुमार वाढले. पेरलेले बी त्यांनी खाल्ले; पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसे तोडली. शेतेच्या शेते फस्त झाली आणि रयतेला सारा भरता येईना. शेतकऱ्यांनी वडारांना कामाला लावले. अमुक डझनांमागे एक माप धान्य अशी मजुरी ठरली. हजारो उंदीर मारले गेले, तरी संख्येत फरक दिसला नाही. आमच्या मते ही नोंद म्हणजे परिसरशास्त्राचा उत्तम धडा आहे: दरवर्षीची मोजणी पाऊस करीत होता, माणूस नव्हे.

यातले मांस काही वडार खात. कातड्याचा कोट मात्र कोणी शिवला नाही. लव मऊ असली तरी गरम मुलखातल्या या उंदराला मोलसारखी मखमली दाटी नाही, आणि दख्खनच्या थंडीला धनगराची घोंगडी पुरेशी होती.

बीडमध्येही तीच काळी जमीन आणि तीच ज्वारी आहे. वैशाखात शेतातल्या एका ठरावीक चौकोनातील भेगा व उघडी बिळे विद्यार्थ्यांना मोजता येतील. मृगाच्या दमदार पावसानंतर तीच मोजणी पुन्हा करावी. उंदरांना किंवा बिळांना हात मात्र लावू नये.