काळभेदावरून स्थाननिश्चिती : लघुलहरी प्रक्षेपकांच्या शोधाचा इतिहास

दूरच्या लघुलहरी प्रक्षेपकाचे स्थान शोधण्याच्या इतिहासात दिशाशोधनास मानाचे स्थान मिळाले आहे. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांचा माग याच पद्धतीने काढला गेला. संकेत निरनिराळ्या ठिकाणी पोहोचण्याच्या काळभेदावरून स्थान ठरविण्याची कल्पनाही तेव्हा नवी नव्हती. तरीही लघुलहरींच्या बाबतीत ती सामान्य अभ्यासकाच्या हाती येण्यास शतक का लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पहिल्या महायुद्धात विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१५ पासून ब्रिटिश सैन्यासाठी ध्वनीच्या काळभेदावरून शत्रूच्या तोफांची स्थाने शोधण्याची पद्धत विकसित केली. दोन ग्राहींमधील काळभेद एक अपास्त वक्र देतो. तिसऱ्या ग्राहीमुळे दुसरा वक्र मिळतो आणि त्यांच्या छेदनावरून उगमस्थान कळते. रेडिओलाही हेच गणित लागू पडते. अडचण वेगाची आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागात ध्वनी सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तर रेडिओलहरी ३०० किलोमीटर. शिवाय ब्रॅग यांचे मायक्रोफोन तारांनी एकाच नोंदयंत्रास जोडलेले होते. देशोदेशीच्या ग्राहींना असे सामाईक घड्याळ उपलब्ध नव्हते.

दुसरी अडचण मार्गाची. ॲपल्टन व बार्नेट यांनी १९२४ मध्ये आयनांबरावरून होणाऱ्या परावर्तनाचा पुरावा दिला; ब्राइट व ट्यूव्ह यांनी १९२५ मध्ये स्पंदांच्या साहाय्याने त्याची उंची मोजली. भारतात कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी या संशोधनाचा पाया घातला. पृथ्वीची वक्रता दुर्लक्षिली, तर १००० किलोमीटर अंतरावरील संकेत ३०० किलोमीटर उंचीवरून परावर्तित होऊन येताना सुमारे ११६६ किलोमीटर प्रवास करतो. ही उंची दिवसरात्रीनुसार बदलते.

पहिली अडचण जीपीएसने दूर केली. ही उपग्रहप्रणाली १९९५ मध्ये पूर्णतः कार्यान्वित झाली आणि स्वस्त ग्राहीलाही अचूक काळ मिळू लागला. आंतरजालाशी जोडलेल्या किवीएसडीआर या ग्राहीसंचात २०१८ मध्ये काळभेदाने स्थान शोधण्याची सोय आली. दुसरी अडचण मात्र कायम आहे.

तात्पर्य, कल्पनेचा जन्म आणि तिची व्यवहार्यता या इतिहासातील दोन भिन्न घटना होत. कल्पना रणभूमीवर सिद्ध झाली. तिला प्रतीक्षा होती ती सामाईक घड्याळाची. तसेच नकाशावर मिळणारा बिंदू हा वस्तुतः एक संभाव्य प्रदेश असतो. एखाद्या अज्ञात केंद्राविषयी तो पुरावा म्हणून मांडताना मार्गातील अनिश्चितता नमूद करणे, हे अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.