महाविद्यालयीन प्रशिक्षकाने व्यावसायिक संघाकडे जावे काय?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील एखाद्या महाविद्यालयात बास्केटबॉलचा किंवा कबड्डीचा संघ घडविणाऱ्या प्रशिक्षकाची वाटचाल पूर्वी जवळजवळ ठरलेली असे. संघ विद्यापीठ पातळीवर जिंकू लागला की विद्यापीठाच्या संघाची जबाबदारी येई, मग जिल्हा वा राज्य संघटनेचे बोलावणे आणि फारच झाले तर राष्ट्रीय शिबिर. या वाटेवर महाविद्यालय सोडण्याची गरज पडत नसे. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे चित्र बदलले. पाठोपाठ २०१५ मध्ये बास्केटबॉलची यूबीए लीग आली, तिच्यात ‘मुंबई चॅलेंजर्स’ आणि ‘पुणे पेशवाज’ असे महाराष्ट्राचे दोन संघ होते. २०२२ मध्ये खो-खोचीही लीग झाली. खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही करारावर घेतले जाऊ लागले आणि अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ चर्चिला जाणारा प्रश्न ठाणे जिल्ह्याच्या मैदानांवर येऊन पोहोचला: महाविद्यालयात यशस्वी ठरलेल्या प्रशिक्षकाने व्यावसायिक संघाकडे जावे काय?

या प्रश्नात एक गृहीतक दडलेले असते. व्यावसायिक संघ म्हणजे वरची इयत्ता, आणि खालच्या इयत्तेत पहिला आलेला वरच्या इयत्तेतही चमकणार. अनुभव मात्र निराळे सांगतो. ही बढती नव्हे, हा व्यवसायबदल आहे. खेळ तोच, चेंडू तोच, नियमांतही थोडाच फरक. पण प्रशिक्षकाच्या हाती असलेली सत्ता, वेळ आणि माणसे ही तिन्ही बदलतात.

अमेरिकी बास्केटबॉलचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास संघाला १९९० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे जेरी टार्केनियन १९९२ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेले आणि अवघ्या वीस सामन्यांनंतर त्यांना काढून टाकण्यात आले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे जॉन कॅलिपारी १९९६ मध्ये न्यू जर्सी नेट्सकडे गेले. १९९९ च्या हंगामात पहिल्या वीसपैकी सतरा सामने हरल्यावर तेही घरी गेले. केंटकीचे रिक पिटिनो १९९७ मध्ये बोस्टन सेल्टिक्समध्ये आले. त्यांच्याकडे प्रशिक्षकपदाबरोबर संघ बांधण्याचे सर्वाधिकारही होते, तरीही जानेवारी २००१ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. मिशिगनचे जॉन बाइलिन २०१९ मध्ये क्लीव्हलँडला गेले आणि ५४ सामन्यांत १४ विजय मिळवून हंगामाच्या मध्यावरच निघून आले. हे चौघेही सामान्य प्रशिक्षक नव्हते. कॅलिपारी आणि पिटिनो यांनी महाविद्यालयात परतल्यावर, अनुक्रमे २०१२ आणि २०१३ मध्ये, राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. (लुइव्हिलचे २०१३ चे विजेतेपद पुढे नियमभंगामुळे रद्द झाले, ही गोष्ट वेगळी.)

कारणे शोधू गेल्यास ती डावपेचांत सापडत नाहीत. महाविद्यालयीन प्रशिक्षक आपले खेळाडू स्वतः निवडतो. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून येतो, कोणाला खेळवायचे आणि कोणाला बाकावर बसवायचे हे प्रशिक्षकच ठरवितो, आणि वर्षाकाठी सामने असतात तीस-पस्तीस. एनबीएमध्ये साखळीतच ८२ सामने. तेथे खेळाडूचा करार कित्येकदा प्रशिक्षकाच्या करारापेक्षा मोठा आणि दीर्घ मुदतीचा असतो. दोघांचे पटले नाही तर कोणाला जावे लागेल, हे सांगायला नको. महाविद्यालयात आवाज चढवून काम होते. तीस वर्षांच्या, कोट्यधीश आणि कुटुंबवत्सल खेळाडूवर तोच आवाज हंगामात दोनदा चालतो, तिसऱ्यांदा चालत नाही.

उलट उदाहरणेही आहेत. बटलर या लहानशा विद्यापीठाला २०१० आणि २०११ असे सलग दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेणारे ब्रॅड स्टीव्हन्स २०१३ मध्ये सेल्टिक्सकडे गेले, आठ हंगाम टिकले आणि २०२१ मध्ये त्याच क्लबच्या व्यवस्थापनाचे प्रमुख झाले. २०२४ चे विजेतेपद त्यांनी बांधलेल्या संघाने मिळविले. त्यांचा स्वभाव शांत, भर अभ्यासावर, आणि क्लबने आरंभीच दीर्घ मुदतीचा करार देऊन नव्याने संघबांधणीला वेळ दिला. हा शेवटचा मुद्दा बहुतेक चर्चांत निसटतो. स्टीव्हन्स यशस्वी झाले यात त्यांच्या गुणांइतकाच मालकांच्या धीराचा वाटा होता, आणि टार्केनियन यांना नेमका तोच धीर लाभला नाही.

न जाणाऱ्यांची यादीही छोटी नाही. ड्यूकचे माइक शशेव्हस्की यांना २००४ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने बोलाविले होते. ते गेले नाहीत. २०२२ पर्यंत ड्यूकमध्येच राहिले. मात्र व्यावसायिक खेळाडू आपल्याला हाताळता येतात हे त्यांनी दुसऱ्या मार्गाने सिद्ध केले: अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाला २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मिळाली. कनेक्टिकटला २०२३ आणि २०२४ अशी ओळीने दोन विजेतेपदे मिळवून देणाऱ्या डॅन हर्ली यांनीही जून २०२४ मध्ये लेकर्सला नकार दिला. अलीकडे तर ही सीमारेषाच पुसट होत आहे. २०२१ पासून अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळविता येतात आणि २०२५ पासून विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. तेव्हा ‘निष्पाप विद्यार्थी’ आणि ‘पगारी खेळाडू’ हा जुना भेद तेथे फारसा उरलेला नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत जवळचे ठळक उदाहरण क्रिकेटमधले आहे. चंद्रकांत पंडित हे रमाकांत आचरेकर यांच्या तालमीतले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश अशा तीन संघांना रणजी करंडक मिळवून दिला. विदर्भाचे २०१७-१८ आणि २०१८-१९ चे लागोपाठ विजय आणि २०२२ मध्ये मुंबईला हरवून मध्य प्रदेशाने जिंकलेला करंडक ही त्यांची कामगिरी थक्क करणारी होती. रणजी संघ म्हणजे महाविद्यालय नव्हे, तेथेही खेळाडूंना मानधन मिळते. परंतु पंडित यांची पद्धत गुरुकुलाचीच होती. कडक शिस्त, लांब शिबिरे, वेळेबाबत तडजोड नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. २०२४ मध्ये संघ आयपीएल जिंकला. त्या वर्षी गौतम गंभीर मार्गदर्शक म्हणून सोबत होते आणि श्रेयाची विभागणी लोकांनी आपापल्या मताप्रमाणे केली. पंडित यांच्या कडक शिस्तीबद्दलची नाराजी संघात राहून गेलेल्या एका परदेशी खेळाडूने जाहीरपणे बोलून दाखविली. २०२५ मध्ये संघ प्लेऑफमध्ये पोहोचला नाही आणि जुलैमध्ये पंडित यांचे व संघाचे मार्ग वेगळे झाले. तीन हंगाम, एक विजेतेपद आणि निरोप. व्यावसायिक हिशेबात ही उत्तम कारकीर्द होय.

कबड्डीतही हिशेब तोच. बी. सी. रमेश यांच्या प्रशिक्षणाखाली बंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये आणि पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ रोजी विजेतेपद मिळविले. पुढच्याच हंगामात पलटणला प्लेऑफ गाठता आला नाही, आणि त्यानंतरच्या हंगामात रमेश बेंगळुरूच्या संघाकडे होते, तर पुण्याची सूत्रे अजय ठाकूर यांच्या हाती. महाविद्यालयात एक वाईट वर्ष गेले तर प्राचार्य फार तर वार्षिक अहवालात दोन ओळी कमी लिहितात.

आता उल्हासनगर-बदलापूर पट्ट्याकडे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ सांगितला जातो. शहरातील तलरेजा आणि चांदीबाई ही महाविद्यालये, तसेच अंबरनाथ-बदलापूरची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. म्हणजे स्पर्धा मुंबईशी. मुंबईच्या बास्केटबॉलचे माहेरघर नागपाडा: तेथील नेबरहुड हाउसच्या कोर्टवर बच्चू खान यांनी पिढ्या घडविल्या, अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर तेथलेच. त्या तुलनेत बदलापूरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे ६८ किलोमीटर लोकलच्या गर्दीतून कापून सामना खेळायला जाणारा मुलगा निम्मी दमछाक गाडीतच करून बसतो. येथील प्रशिक्षकाचे काम केवळ डावपेचांचे नसते. सकाळच्या वर्गाआधी सराव, हजेरीसाठी प्राध्यापकांची मनधरणी, दुकानात किंवा जीन्सच्या कारखान्यात मुलाची गरज असलेल्या वडिलांची समजूत, आणि परतीच्या गाडीची वेळ सांभाळून संपविलेला सराव, हे सारे त्यात येते.

या मुलांचे काय पणाला लागलेले असते, हे प्रशिक्षकाच्या निर्णयाची चर्चा करताना विसरले जाते. केंद्र सरकारच्या ‘गट क’ पदांच्या क्रीडा भरतीत आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केलेला खेळाडू पात्र धरला जातो. बास्केटबॉल, कबड्डी आणि खो-खो हे तिन्ही खेळ त्या यादीत आहेत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. थोडक्यात, विद्यापीठाच्या संघात निवड होणे हे या पट्ट्यातील मुलासाठी पदक नसून नोकरीचे दार आहे. ते दार वयाने मर्यादित असते. तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा प्रशिक्षक हंगामाच्या तोंडावर निघून गेला तर त्या मुलाला ते वर्ष परत मिळत नाही. आणि वेळापत्रके नेमकी एकमेकांवर येतात. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम २०२५ मध्ये २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर असा चालला. महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवसही पावसाळ्याच्या उत्तरार्धातलेच.

दुसरी बाजू प्रशिक्षकाच्या संसाराची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे ठरेल. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालक हे पद विद्यापीठ अनुदान आयोगाच्या वेतनश्रेणीतील आहे. त्याला सहायक प्राध्यापकाच्या तोडीचे वेतन, रजा आणि निवृत्तीचे लाभ मिळतात. पण संघाला प्रत्यक्ष शिकविणारा माणूस पुष्कळदा मानधनावर, हंगामापुरता ठेवलेला असतो. दोघांनाही ‘कोच सर’च म्हणतात, परंतु दोघांपुढील प्रश्न एक नाही.

कायम पदावरील संचालकाने लीगसाठी राजीनामा देणे हा, बहुतेक बाबतीत, अविचार आहे. कारण लीगच टिकेल याची हमी नाही. यूबीए लीग चार हंगामांनंतर २०१७ मध्ये थांबली. भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या मान्यतेची आयएनबीएल स्पर्धा त्यानंतर पाच वर्षांनी आली. खो-खो लीगचे २०२२ आणि २०२३-२४ असे दोन हंगाम झाले. शिवाय आपल्याकडील लीग दोन-तीन महिन्यांची असते. अमेरिकेसारखे वर्षभराचे पद नसते. तेव्हा संस्थेकडून बिनपगारी रजा आणि पदावरील हक्क कायम ठेवण्याचे लेखी पत्र घेऊन एक हंगाम सहायक म्हणून जाणे हा शहाणपणाचा मार्ग. मुख्य प्रशिक्षकपद पहिल्याच वर्षी मिळत असले तरी सहायकपद पत्करण्यात कमीपणा नाही. व्यावसायिक खेळाडूंचे दिवसाचे वेळापत्रक, फिजिओ आणि चित्रफीत-विश्लेषक यांच्यासोबत काम करण्याची रीत, लिलावातील आकडेमोड, या गोष्टी महाविद्यालयात शिकता येत नाहीत, आणि परत आल्यावर त्या मुलांच्याच उपयोगी पडतात.

मानधनावरील तरुण प्रशिक्षकाचे गणित उलटे आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हाती आहे, वय पस्तिशीच्या आत आहे आणि महाविद्यालय पुढील वर्षाची खात्री देत नाही, अशा माणसाला ‘निष्ठा’ शिकविण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याने जावे. संस्थेला तो टिकवायचा असेल तर तिने आधी त्याला पद द्यावे.

जाणाऱ्याने करारात मात्र काही गोष्टी पाहून घ्याव्यात. मुदत एका हंगामाची की दोन. मध्येच काढल्यास उरलेली रक्कम मिळेल की नाही. लिलावाच्या मेजावर प्रशिक्षकाला बसू दिले जाईल की तयार यादी हाती ठेवली जाईल. यांतील तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण महाविद्यालयातील यशाचे निम्मे रहस्य निवडीत असते. निवड दुसऱ्याची आणि जबाबदारी आपली, अशा व्यवस्थेत चांगला प्रशिक्षकही वर्षभरात निकामी ठरू शकतो.

महाविद्यालयानेही तयारी ठेवावी लागते. होकार जूनमध्ये, प्रवेश आणि चाचण्या सुरू होण्याआधी कळविला तर सहायकाच्या किंवा माजी कर्णधाराच्या हाती संघ सोपविता येतो आणि खेळाडूंची प्रवेशपत्रे मुदतीत विद्यापीठाकडे जातात. तोच निर्णय ऑगस्टमध्ये झाला तर नव्या माणसाला खेळाडूंची नावे पाठ होईपर्यंत पहिल्या फेरीचा सामना येऊन ठेपलेला असतो.