सार्क फुटबॉल संघ

हा लेख इंग्लिश खाडीतील सार्क बेटाच्या फुटबॉल संघाविषयी आहे. दक्षिण आशियाई देशांच्या ‘सार्क’ या संघटनेशी त्याचा संबंध नाही. दोन्ही नावे मराठीत सारखीच लिहिली जातात, एवढेच.

सार्क फुटबॉल संघ हा चॅनल द्वीपसमूहातील सार्क या बेटाचे प्रतिनिधित्व करणारा हौशी फुटबॉल संघ होय. हा संघ फिफा किंवा युएफा यांपैकी कोणत्याही संघटनेचा सदस्य नाही. २००३ साली गर्न्सी येथे भरलेल्या आयलंड गेम्समध्ये तो चार सामने खेळला आणि चारही हरला. या सामन्यांत त्याच्यावर एकूण ७० गोल झाले. त्याला स्वतःला एकही गोल करता आला नाही.

पार्श्वभूमी

सार्क हे गर्न्सीच्या अखत्यारीत मोडणारे, ब्रिटिश राजमुकुटाच्या अधीन असलेले बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५.५ चौरस किलोमीटर असून लोकसंख्या ५०० ते ६०० च्या दरम्यान आहे. बेटावर मोटारींना बंदी असल्याने सायकली, घोडागाड्या आणि ट्रॅक्टर हीच वाहने दिसतात. विमानतळ नाही, गर्न्सीहून बोटीने यावे लागते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांतील बहुतेक गावे लोकसंख्येने सार्कपेक्षा मोठी आहेत. अशा गावाने कबड्डीचा संघ उभा केला तर त्यात नवल नसते. मैदानात सात खेळाडू पुरतात आणि समोर बहुधा शेजारचेच गाव असते. फुटबॉलसाठी अकरा खेळाडू आणि वर राखीव लागतात. पाच-सहाशे रहिवाशांतून स्त्रिया, मुले आणि वृद्ध वगळल्यास खेळण्याजोग्या वयाचे पुरुष मोजकेच उरतात. त्यामुळे येथे संघाची निवड करण्यापेक्षा संघ जमवणे हेच मुख्य काम ठरते.

२००३ ची आयलंड गेम्स

बेटांच्या संघांसाठी असलेली ही स्पर्धा १९८५ साली आईल ऑफ मान येथे सुरू झाली आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी भरते. फुटबॉलचा समावेश १९८९ मध्ये फेरो द्वीपसमूहावरील स्पर्धेपासून झाला. सहभागासाठी बेटाचे सदस्यत्व पाहिले जाते, आकार नव्हे; त्यामुळे काही हजार वस्तीचे बेट आणि लाखावर वस्तीचे बेट एकाच मैदानावर समोरासमोर येऊ शकतात.

सार्कच्या बाबतीत नेमके हेच घडले. जिब्राल्टरने त्याला १९–० असे हरवले. आईल ऑफ वाइट या सव्वा लाखाहून अधिक वस्तीच्या बेटाने २०–० असा विजय मिळवला आणि हाच सार्कचा सर्वांत मोठा पराभव ठरला. त्यानंतर ग्रीनलँडकडून १६–० आणि नॉर्वेच्या फ्रॉया बेटाकडून १५–० असे पराभव पत्करावे लागले. फ्रॉया हे या चौघांतील सर्वांत लहान, पण त्याचीही लोकसंख्या सार्कच्या कित्येक पट आहे. सामन्यामागे सरासरी १७.५ गोल झाले. या स्पर्धेचे विजेतेपद यजमान गर्न्सीने अंतिम सामन्यात आईल ऑफ मानला ३–१ असे नमवून मिळवले.

तुलना

या आकड्यांमुळे सार्कला जगातील सर्वांत दुबळा संघ म्हणण्याची प्रथा पडली असली तरी पराभवांचे मोठे विक्रम अन्य संघांच्या नावावर आहेत. ऑस्ट्रेलियाने ११ एप्रिल २००१ रोजी अमेरिकन सामोआला ३१–० असे हरवले. २०१५ च्या पॅसिफिक गेम्समध्ये मायक्रोनेशियावर ताहिती (३०–०), फिजी (३८–०) आणि व्हानुआतू (४६–०) यांच्याविरुद्धच्या तीनच सामन्यांत ११४ गोल झाले. मायक्रोनेशियाची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास आहे.

चॅनल द्वीपसमूहातील मुराटी चषक १९०५ पासून जर्सी, गर्न्सी आणि ऑल्डर्नी या तीन बेटांत खेळला जातो. सार्कचा त्यात समावेश नाही. सुमारे दोन हजार वस्तीच्या ऑल्डर्नीने तो केवळ एकदा, १९२० मध्ये जिंकला.

सार्कवर १९ गोल करणारा जिब्राल्टरचा संघ २०१३ मध्ये युएफाचा आणि २०१६ मध्ये फिफाचा सदस्य झाला. युरो २०२४ च्या पात्रता फेरीत, नोव्हेंबर २०२३ मध्ये, फ्रान्सने त्याला १४–० असे हरवले.