लहरींची उभी-आडवी चाल

पेण आणि वडखळ मागे टाकून मुंबई-गोवा महामार्गाने नागोठण्याकडे निघालात म्हणजे गडब गाव लागते. समजा, अशा गावातल्या एखाद्या शाळेने तारेवाचून येणारे इंटरनेट घ्यायचे ठरवले. गच्चीवर डिश चढली, दूरच्या मनोऱ्याकडे नेमकी रोखली, मध्ये झाड नाही की डोंगर नाही. तरीही जोडणी काही होईना. मग यंत्रच वाईट निघाले असे ठरते आणि शाळा दुसऱ्या यंत्राला पैसे मोजायला तयार होते. पण कधी कधी यंत्र धडधाकट असते. मनोरा लहर उभी सोडतो आहे आणि डिश ती आडवी मागते आहे, एवढाच घोटाळा! लहरीच्या या उभ्या-आडव्या हेलकाव्याला शास्त्रात ध्रुवण म्हणतात.

ही ओळख फार जुनी आहे. 1888 साली जर्मनीत कार्लस्रूह येथे हाइनरिख हर्ट्झ यांनी 2 मीटर उंचीची अष्टकोनी चौकट केली आणि तीन-तीन सेंटिमीटरांवर तांब्याच्या समांतर तारा ताणल्या. लहर ज्या दिशेने हेलकावते त्याच दिशेला तारा आल्या की ती अडे. चौकट काटकोनात फिरवली की बिनदिक्कत पार होई. शिक्षक बंधुभगिनींनी येथे जरा जपावे. खिडकीच्या उभ्या गजांतून दोर ओवून खालीवर हलवला तर हेलकावा पलीकडे जातो, हा दाखला वर्गात सोपा पडतो खरा. पण तारांचे नेमके उलट आहे. तारेच्या दिशेने हेलकावणारी लहर तारेत विजेचा प्रवाह खेळवते आणि तिथूनच मागे परतते.

आपल्याकडे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी 1895 पासून हाच विषय धसाला लावला. त्यांची साधने पाहा! रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घालून त्यांनी ध्रुवणाचे यंत्र केले. 1898 साली तागाला पीळ देऊन लहरीच्या हेलकाव्याची दिशा वळते, हेही दाखवले. उजवा पीळ दिला की एकीकडे, डावा दिला की दुसरीकडे. खेड्यातल्या शाळेला परवडेल असे सामान, आणि विद्या मात्र जगात पहिल्या रांगेतली.

मुंबईचे रेडिओ केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. मध्यम लहरी जमिनीला धरून लांब जायच्या, तर त्या उभ्याच हव्यात; आडवी लहर जमीन गिळून टाकते. याचा पडताळा घरीच घ्या. ट्रान्झिस्टरच्या पोटात फेराइटची कांडी आडवी असते, कारण ती लहरीचा चुंबकीय भाग पकडते आणि उभ्या लहरीत तो भाग आडवा असतो. मध्यम लहरींवर केंद्र लावा आणि ती कांडी उभी होईल असा रेडिओ कलता करा. आवाज बसतो की नाही पाहा.

दूरचित्रवाणीने वेगळी वाट धरली. लंडनच्या केंद्राने 1936 साली उभी लहर घेतली. आपल्याकडे आडवी आली. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि कौलांवर मासळीच्या काट्यासारखे अँटेना दिसू लागले. त्यांच्या काड्या आडव्या का, हे फारसे कोणी विचारले नाही. ज्याने उभ्या बांधल्या त्याच्या पडद्यावर मुंग्याच!

आता पुन्हा गच्चीवरच्या डिशकडे येऊ. दोन्ही टोके काटकोनात असली तर हिशेबाने काहीच पोचू नये. व्यवहारात शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी पोचतो. एक सरळ आणि दुसरे 45 अंशांनी कलते असेल तर निम्मी शक्ती वाया जाते. हल्लीच्या पुष्कळ यंत्रांत उभी व आडवी अशा दोन्ही लहरी एकाच वेळी चालतात, त्यामुळे दोन वाटांनी मजकूर जातो. अशा जोडीत एकच तार निसटली तरी जोडणी चालू दिसते, फक्त वेग पडतो आणि कारण सापडत नाही.

कोकणात पावसाचाही विचार हवा. मोठा थेंब पडताना खालून चपटा होतो, म्हणून आडव्या लहरीला तो अधिक खातो. 10,000 मेगाहर्ट्झच्या पुढच्या यंत्रांत हा फरक जाणवतो. तिथे लांबच्या जोडणीला उभी लहर बरी. डिश बसवणारा आला म्हणजे कोन आणि उंचीबरोबर मनोऱ्याची लहर कोणती, हे त्याला आधी विचारा, आणि उत्तर डिशच्या पाठीवर रंगाने लिहून घ्या.