फंदींचा फटका

‘बिकट वाट वहिवाट नसावी’ ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. पण हे गाणे संगमनेरच्या मातीतले आहे, हे कितीजणांना माहीत असते?

त्याचे कर्ते शाहीर अनंत फंदी. आडनाव घोलप, जन्म १७४४ मधला, संगमनेरचाच. मलिक फंदी नावाच्या फकिराशी स्नेह जडला आणि ‘फंदी’ हे नाव कायमचे चिकटले. अनंतराव तमाशाचा फड घेऊन गावोगाव हिंडले, लावण्यांनी गाजले. परंपरा सांगते, की अहिल्याबाई होळकरांनी त्यांची कानउघाडणी केली, तेव्हा त्यांनी डफ टाकला आणि कीर्तनाची कास धरली. आज आपला जिल्हा ओळखला जातो, तो याच अहिल्याबाईंच्या नावाने!

अमेरिकेत सोल गायकांनी चर्चमधली आळवणी रंगमंचावर आणली. फंदींनी उलटे केले. फडावरची ठेक्याची भाषा त्यांनी उपदेशाला दिली. फटक्याची ओळ तीस मात्रांची. आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा. त्या सहा मात्रांत ‘नको’चा ठोका पडतो. खोटे बोलू नको, मायबापांवर रुसू नको, व्यवहारात फसू नको. अक्षरओळख नसलेल्यालाही एकदा ऐकून पाठ व्हावे, अशी ही बांधणी.

उपदेशाची गाणी पुष्कळ झाली आणि विसरली गेली. हे का टिकले? फंदींनी काय पाहिले ते ध्यानात घ्या. १७९५ मध्ये खर्ड्याचा विजय त्यांनी पोवाड्यात गायला. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले, ‘माधवनिधन’ही फंदींचेच. पुढे १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने पुणे जिंकले, पाठोपाठ दुष्काळ आला आणि १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. वर्षभराने फंदीही गेले. वाटमारीच्या त्या दिवसांत सरळ रस्ता धरणे म्हणजे जीव वाचवणे होते.

आज ‘धोपटमार्गी’ हा शब्द आपण नाक मुरडून वापरतो. नवी वाट पाडणाऱ्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण फंदी स्वतः आडवाटांनी भरपूर हिंडलेले. न चाललेल्याचा उपदेश कोरडा असतो, चालून आलेल्याचा कानात राहतो. म्हणूनच दोनशे वर्षांनंतरही हा फटका लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)