पदवी तासांत कशी मोजली जाऊ लागली? प्राध्यापकांच्या पेन्शनपासून आजच्या श्रेयांकांपर्यंत (धागा)

महाराष्ट्रातील कोणत्याही महाविद्यालयाची आजची गुणपत्रिका पाहिली तर विषयाच्या नावापुढे गुणांआधी एक लहानसा आकडा दिसतो : २, ३ किंवा ४. हे त्या विषयाचे श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट. पदवी मिळणार की नाही, हे या आकड्यांच्या बेरजेवर ठरते. हा आकडा विद्यार्थ्याचे ज्ञान मोजत नाही, वेळ मोजतो. या मोजपट्टीच्या इतिहासात विद्यार्थ्यापेक्षा वृद्ध प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे या विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. तेव्हाची पदवी परीक्षेवर उभी होती. महाविद्यालयात टर्म भरणे आवश्यक असे, परंतु शेवटचा निकाल परीक्षा मंडपात लागे. तासांची बेरीज करून पदवी देण्याची कल्पना या परंपरेत नव्हती. ती आली अमेरिकेतून.

अमेरिकेतही ती आरंभापासून नव्हती. जुन्या हार्वर्डमध्ये ग्रीक, लॅटिन, गणित असा ठरलेला अभ्यासक्रम सर्वांना सारखाच असे. सगळे एकत्र प्रवेश घेत, एकत्र शिकत आणि एकत्र बाहेर पडत. मोजण्यासारखे काही उरतच नसे.

१८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढील चाळीस वर्षांत त्यांनी ही घडी मोडली. विषय विद्यार्थ्याने निवडावेत, हा त्यांचा आग्रह होता. शतक संपत आले तेव्हा सक्तीचे विषय नाममात्र उरले होते. मात्र एकाने रसायनशास्त्र घेतले आणि दुसऱ्याने इटालियन साहित्य, तर दोघांना एकच पदवी कोणत्या आधारावर द्यायची? दोन्हींना लागू पडेल असे एक सामाईक परिमाण हवे होते. वर्गात बसण्याचा वेळ तेवढा दोघांत समान होता. निवडीचे स्वातंत्र्य आणि तासांची मोजणी ही जुळी भावंडे आहेत, हे आजच्या चर्चेत सहसा विसरले जाते.

आता पेन्शनकडे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी १८९० पासून कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. तेथे प्राध्यापकांचे पगार पाहून ते चकित झाले. त्यांच्या कंपन्यांतील कारकुनांना त्याहून बरे वेतन मिळत असे. आयुष्यभर शिकवणाऱ्या माणसाजवळ म्हातारपणासाठी काहीच शिल्लक राहत नसे. त्यामुळे थकलेला प्राध्यापक निवृत्त होत नसे आणि तरुणांना जागा मिळत नसे.

१९०५ मध्ये कार्नेगींनी यासाठी एक कोटी डॉलरचे रोखे दिले. ५ टक्के व्याजाने त्यांतून वर्षाला पाच लाख डॉलर येणार होते. या पैशातून अध्यापनाच्या उन्नतीसाठी ‘कार्नेगी फाउंडेशन’ उभे राहिले. खगोलशास्त्रज्ञ आणि एमआयटीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट त्याचे प्रमुख झाले. विश्वस्त मंडळात एलियट होते, तसेच पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सनही होते.

प्राध्यापकाने स्वतः एक पैसाही न भरता मिळणारे हे पेन्शन होते. ते द्यायचे कोणाला? ‘महाविद्यालयाच्या’ प्राध्यापकांना. येथेच अडचण उभी राहिली. त्या काळच्या अमेरिकेत ‘कॉलेज’ अशी पाटी कोणीही लावू शकत असे. काही कॉलेजे प्रत्यक्षात माध्यमिक शाळांच्याच पातळीची होती. कोणते सरकारी खाते ही छाननी करीत नव्हते.

मग फाउंडेशनने स्वतःच व्याख्या ठरवली. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा, किमान दोन लाख डॉलरचा स्थायी निधी हवा, संस्था कोणत्याही धर्मपंथाच्या ताब्यात नको आणि प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याने चार वर्षांचे माध्यमिक शिक्षण पूर्ण केलेले हवे. ‘चार वर्षांचे’ म्हणजे किती, हा प्रश्न आलाच. त्याचे उत्तर होते १४ एकके. एखादा विषय वर्षभर, आठवड्याला पाच तासिका शिकला की एक एकक. पुढे त्याचा हिशेब १२० तासांवर स्थिर झाला. हेच ते प्रसिद्ध ‘कार्नेगी युनिट’.

एकक ही फाउंडेशनचीच कल्पना असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते अचूक नाही. अशी मोजणी शिक्षकांच्या समित्यांमध्ये आणि न्यूयॉर्क राज्याच्या नियमांत आधीपासून होती. फाउंडेशनने तिला पैशांचे बळ दिले, आणि समित्यांच्या शिफारशींना जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते पेन्शनने अल्पावधीत साधले. पेन्शन हवे तर कॉलेजने १४ एककांची अट घालायची. विद्यार्थ्यांना कॉलेजात पाठवायचे तर शाळेने आपले वेळापत्रक एककांत बसवायचे. धर्मपंथाची अट तर इतकी प्रभावी ठरली की मेन राज्यातील बोडन कॉलेजसारख्या संस्थांनी चर्चशी असलेले जुने संबंध तोडले. कायदा न करता केवळ देणगीच्या अटीवर एका देशाची शिक्षणव्यवस्था वळवता येते, याचे इतके ठळक उदाहरण विरळाच.

येथपर्यंतची मोजणी शाळेची होती. महाविद्यालयाच्या आत घड्याळ नेले ते मॉरिस कुक या अभियंत्याने. कारखान्यातील कामगाराच्या प्रत्येक हालचालीचा वेळ टिपणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचा तो अनुयायी. फाउंडेशनच्या सांगण्यावरून त्याने आठ संस्थांच्या भौतिकशास्त्र विभागांची पाहणी केली आणि १९१० मध्ये शैक्षणिक व औद्योगिक कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला. त्यात त्याने ‘विद्यार्थी-तास’ हे परिमाण सुचवले : एका विद्यार्थ्याला मिळालेला व्याख्यानाचा, प्रयोगशाळेचा किंवा वर्गकामाचा एक तास. उद्देश होता एका तासाला किती खर्च येतो हे काढण्याचा. कापडाच्या गिरणीत वाराचा दर काढतात, तसा.

ज्या पेन्शनसाठी हा सारा खटाटोप झाला, ते मात्र फार टिकले नाही. १९०८ मध्ये कार्नेगींनी आणखी ५० लाख डॉलर घातले, तरी प्राध्यापकांची संख्या इतकी वाढत गेली की मोफत पेन्शन अशक्य ठरले. १९१८ मध्ये त्याच्या जागी प्राध्यापक आणि संस्था दोघांनी वर्गणी भरण्याची विमा योजना आली. पेन्शन गेले, तास राहिले.

याला विरोध झाला नाही असे नाही. १९०९ मध्ये एलियट यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी मोकाट निवडीला आवर घातला. एका विषयात खोली आणि इतरांत विस्तार, असा नियम त्यांनी घालून दिला. आज आपल्याकडे ‘मेजर-मायनर’ म्हणून जे आले आहे, ते त्याच कुळातले.

अधिक मूलगामी प्रयोग पेनसिल्व्हेनियातील स्वार्थमोर कॉलेजात झाला. तेथील अध्यक्ष फ्रँक एडलॉट ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकून आले होते. १९२२ मध्ये त्यांनी ऑनर्स अभ्यासक्रम सुरू केला. निवडक विद्यार्थ्यांनी शेवटची दोन वर्षे नेहमीच्या वर्गांना बसायचे नाही. लहान चर्चासत्रांत निबंध वाचायचे, वाद घालायचा. अखेरीस बाहेरून आलेले परीक्षक लेखी व तोंडी परीक्षा घेणार. हजेरी नाही, तासांची बेरीज नाही. ज्याने शिकवले तोच गुण देणारा नसल्यामुळे शिक्षक व विद्यार्थी एका बाजूला येतात, हा त्यातील खरा लाभ. ‘ऑनर्स’ हा शब्द तेथे श्रेयांकांच्या व्यवस्थेला पर्याय म्हणून आला होता.

१९३८ मध्ये खुद्द कार्नेगी फाउंडेशननेच एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील हजारो विद्यार्थ्यांना दीर्घ चाचण्या देऊन लर्नेड आणि वुड या संशोधकांनी दाखवले की सारखे श्रेयांक मिळवलेल्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानात प्रचंड तफावत असते. शाळेच्या शेवटच्या वर्गातील काही मुले पदवीच्या उंबरठ्यावरील काहींहून वरचढ निघाली. तरीही व्यवस्था हलली नाही. विद्यार्थ्याची बदली, शिक्षकाचा कार्यभार, शुल्क, अनुदान, सगळे तोवर याच आकड्याला बांधले गेले होते. २०१० मध्ये अमेरिकी केंद्र सरकारने क्रेडिट-तासाची व्याख्या नियमांत घातली, तीही विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्यासाठीच : आठवड्याला एक तास वर्गात, किमान दोन तास वर्गाबाहेर, सुमारे पंधरा आठवडे. पुन्हा पैसाच.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत सर्वदूर नेली. २०२१ मध्ये ‘श्रेयांक बँक’ आली, जिच्यात विद्यार्थी खरोखर खाते उघडतो. डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार एका सत्रात व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६०. म्हणजे आपल्याकडे ऑनर्सला वेगळे करणारी गोष्ट मुख्यतः आणखी ४० श्रेयांक आणि एक वर्ष ही आहे. एडलॉट यांनी जे टाळण्यासाठी तो शब्द वापरला, तेच. अपवाद एवढाच की संशोधनासह ऑनर्स करू इच्छिणाऱ्याला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असावे लागतात. तेथे नुसते तास पुरत नाहीत.