रात्रीचा रस्ता : कोलकात्याहून समुद्राकडे

मागच्या काही भागांत आपण कोलकात्याच्या आतल्या वाटा पाहिल्या. आज शहराबाहेर पडायचंय, दक्षिणेला, थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. कोलकाता समुद्रकाठी आहे असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. मलाही वाटायचं. बँकेच्या बदलीवर इथे आले, तेव्हा पहिल्याच रविवारी शेजारच्या काकूंना मी विचारलं, "चौपाटी कुठे आहे?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बक्खालीला जा. पण पहाटे निघा, नाहीतर नामखान्याला अडकाल."

आणि मी अडकलेच. डायमंड हार्बर, काकद्वीप करत आमची गाडी नामखान्याला पोचली आणि रस्ता संपला. समोर हातानिया-दोआनिया नदी. नदी म्हणजे फार रुंद नव्हे, पलीकडचा चहावाला किटलीतून चहा ओततोय हे इकडून दिसत होतं. पण पूल नव्हता. गाड्या बार्जवर चढवायच्या, पायी माणसांनी होडीने जायचं. कागदावर हा राष्ट्रीय महामार्ग होता, क्रमांक ११७, आता तो १२ क्रमांकात गेला. मुलूखभर धावणारा महामार्ग आणि मध्ये एक नदी, जिथे सगळ्यांनी खाली उतरून रांगेत उभं राहायचं. गंमत वाटली, फोटो काढले.

रांगेत माझ्यापुढे एक बाई होती, बाजेवर आडव्या केलेल्या नवऱ्याशेजारी उकिडवी बसलेली. ती कोलकात्याच्या दिशेने चालली होती, मी सहलीला. तिला गंमत वाटत नव्हती. तिच्याकडे पाहताना मला तवसाळ आठवलं.

तवसाळ माझं आजोळ. गुहागर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, जयगडच्या खाडीच्या अलीकडे. पलीकडे जयगड, आणि तिथून पुढे रत्नागिरीचं मोठं इस्पितळ. मी लहान असताना एका श्रावणात माझ्या मधल्या मामांच्या छातीत रात्री कळा सुरू झाल्या. वारा होता, भरती होती, तर सोडायला कुणी तयार होईना. त्यात चूक कुणाचीच नव्हती. गाडीने वळसा घालून जायचं तर आधी गाडी मिळायला हवी. आम्ही ओसरीवर बसून राहिलो. पलीकडच्या जयगडच्या दीपगृहाचा दिवा फिरत होता, पुन्हा पुन्हा दिसत होता. उजाडायच्या आत मामा गेले.

म्हणून आजचा विषय मी इतिहासाचा म्हणून घेतला असला, तरी माझ्या मनात प्रश्न साधा आहे. समुद्राकाठच्या माणसांसाठी रस्ता आखायचा, तर तो नेमका कशासाठी आखायचा?

आधी भूगोल. कोलकाता ते बक्खाली अंतर सुमारे १३० किलोमीटर. या पट्ट्याच्या पूर्वेला सुंदरबन पसरलंय. भारताच्या बाजूला १०२ बेटं, त्यांतल्या ५४ बेटांवर वस्ती. बेटांची जमीन भरतीच्या पाण्याहून खाली, म्हणून भोवती मातीचे बांध, एकूण लांबी जवळजवळ ३,५०० किलोमीटर. आपल्या कोकणात खाडी रस्त्याला आडवी येते. इथे खाडी हाच रस्ता. भुटभुटी, म्हणजे डिझेल इंजिन बसवलेली लाकडी होडी, हीच तिथली एसटी. तिचं वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते.

या मुलखाकडे कोलकात्याचं लक्ष पहिल्यापासून होतं, पण ते जहाजांसाठी. १८५१च्या सुमारास कंपनी सरकारने भारतातली पहिली तारेची ओळ टाकली. विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरने ती उभारली. कुठून कुठे? कोलकाता ते डायमंड हार्बर! दिल्लीला नाही, मुंबईला नाही. कारण नदीच्या तोंडाशी कुठलं जहाज आलं हे व्यापाऱ्यांना आधी कळायला हवं होतं. वाटेतली गावं त्या तारेखालीच होती, पण तारेत त्यांचा निरोप नव्हता.

त्या मुलखातल्या सामान्य प्रवाशाचं काय व्हायचं, ते बंकिमचंद्रांच्या 'कपालकुंडला' या १८६६च्या कादंबरीत आहे. गंगासागरहून परतणारे यात्रेकरू, धुक्यात वाट चुकलेली होडी. नवकुमार सरपणासाठी किनाऱ्यावर उतरतो, तेवढ्यात भरती येते, आणि सोबतचे त्याला मागे टाकून निघून जातात. कादंबरी सुरू होते ती भरतीमुळे. बंकिमचंद्रांनी याच किनाऱ्याजवळ सरकारी नोकरी केलेली होती, त्यांना हे ठाऊक होतं.

आता येते या कथेतली सगळ्यात मोठी योजना. हुगळी नदी गाळाने भरतेय, कोलकाता बंदर बंद पडणार, अशी भीती १८५०च्या दशकात पसरली. उपाय म्हणून मातला नदीच्या काठी नवं बंदर आखलं गेलं. व्हाइसरॉयच्या नावावरून त्याला कॅनिंग म्हणाले. बंदर, गोद्या, आणि कोलकात्यापासून रेल्वे. ही रेल्वे १८६३ला कॅनिंगपर्यंत पोचली.

हेन्री पिडिंग्टन नावाचा एक माणूस कोलकात्यात वादळांचा अभ्यास करत होता. 'सायक्लोन' हा शब्द त्याचाच, १८४८चा. त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरल डलहौसींना जाहीर पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की इथे बंदर बांधू नका, एक दिवस वादळाबरोबर समुद्राची लाट चढेल आणि सगळं धुऊन नेईल. मातला हे नावच बघा. नदीला तिथले लोक माताल, म्हणजे झिंगलेली, म्हणायचे. बंगाली येणाऱ्या कुठल्याही नावाड्याने हेच सांगितलं असतं. त्याला कुणी विचारलं नाही, आणि पिडिंग्टनचं कुणी ऐकलं नाही.

इथे आपली मुंबईही येते बरं का. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता, बॅकबेच्या शेअरांचं वेड लागलं होतं, त्याच सुमारास पोर्ट कॅनिंग कंपनीच्या शेअरांवरही मुंबईकरांनी उड्या घातल्या. मातला कुठे आहे हे विकत घेणाऱ्यांतल्या कितींना माहीत असेल, देव जाणे. १८६५ला मुंबईचा तो फुगा फुटला. १८६४च्या ऑक्टोबरात कोलकात्यावर प्रचंड वादळ येऊन गेलं होतं, सागर बेटावरची बहुतेक माणसं बुडाली होती. तरी काम थांबलं नाही. मग १८६७च्या नोव्हेंबरात लाट कॅनिंगवर चढली. पिडिंग्टन तोवर वारला होता. बंदर काही वर्षांतच सोडून दिलं गेलं आणि तोट्यातली रेल्वे सरकारला ताब्यात घ्यावी लागली.

पण इतिहास कसा असतो बघा. ज्या जहाजांसाठी रेल्वे टाकली ती आली नाहीत. रेल्वे मात्र राहिली. आज पहाटेच्या कॅनिंग लोकलमधून हजारो बाया कोलकात्यात घरकामाला येतात. माझ्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी त्याच गाडीने यायच्या. ज्यांचा आराखड्यात विचारही नव्हता, त्यांनीच ती रेल्वे वापरात आणली.

मावशींचं गाव मातलाच्या पलीकडे. ओहोटीला नदी आटली की होडी काठाला लागत नसे. मग साडी गुडघ्यावर खोचून, चपला हातात घेऊन चिखल तुडवायचा. "कामावर उशीर का झाला?" असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "दीदी, नदीला विचारा." मी पुन्हा विचारलं नाही. २०११ साली मातलावर पूल झाला. म्हणजे रेल्वे आली १८६३ला आणि नदी ओलांडायचा पूल आला १४८ वर्षांनी.

एवढा उशीर का? यात कुणी एक खलनायक नाही. रस्त्याचा आराखडा करताना आधी वाहनांची मोजणी होते. दिवसाला किती ट्रक, किती बस, किती मोटारी. आता जिथे पूलच नाही तिथे वाहनं येणार कुठून? मोजणीत आकडा छोटा येतो. आकडा छोटा म्हणून पूल मागे पडतो. आणि पूल मागे पडला की आकडा छोटाच राहतो. रात्री घाटावर आलेली आणि परत गेलेली माणसं या मोजणीत नसतात. न झालेला प्रवास कोण मोजणार?

नामखान्याला आणखी एक अडचण होती. हातानिया-दोआनिया दिसायला छोटी, पण ती बांगलादेशाकडे जाणाऱ्या जलमार्गाचा भाग आहे. वीजकेंद्रांची राख भरलेली मोठी बार्ज तिथून जातात. त्यांच्यासाठी पूल उंच हवा. पूल उंच म्हणजे दोन्ही बाजूंना लांब चढ, आणि चढ म्हणजे गजबजलेल्या बाजारातली जागा. शेवटी २०१९ साली तो खुला झाला. मे २०२०मध्ये अम्फान वादळ बक्खालीच्या जवळपास किनाऱ्याला धडकलं. त्या वेळी पलीकडे जाणाऱ्या मदतीच्या ट्रकला बार्जची वाट पाहावी लागली नाही. २००९ला आयला वादळात हेच काम होड्यांनी करावं लागलं होतं, आणि आतल्या बेटांवर आजही तसंच करावं लागतं.

पूल म्हणजे सगळं छानच, असं मात्र म्हणणार नाही. घाटावरचे होडीवाले, चहावाले, हमाल यांचं काय झालं, याची नोंद पुलाच्या उद्घाटनात नसते. रस्ता आला की हॉटेलं येतात आणि जमिनीचा भाव वाढतो. गोसाबाला १९०३पासून डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश माणसाने सहकारी पतपेढ्या, भातगिरणी, शाळा उभ्या केल्या, चक्क एक रुपयाची स्वतःची नोट काढली. हे सगळं महामार्गाशिवाय झालं. तेव्हा रस्ता नाही म्हणजे विकासच नाही, असंही नाही.

आणि सगळीकडे पूल सोपा नसतो. सागर बेटाला जायचं तर काकद्वीपच्या लॉट नंबर आठच्या धक्क्यावरून मूडीगंगा ओलांडावी लागते. "सब तीरथ बार बार, गंगासागर एक बार" असं म्हणतात ते उगाच नाही. ओहोटीला गाळामुळे फेरी तासन्‌तास थांबते. संक्रांतीच्या जत्रेला लाखो लोक येतात, तेव्हा गाळ उपसतात, जादा बोटी लावतात. बेटावर राहणारा माणूस मात्र वर्षाचे बाराही महिने तिथेच असतो. पुलाची मागणी जुनी आहे, आणि जत्रा जवळ आली की तिची चर्चा होते.

आता शेवटी घरी येऊ. रेवस ते रेडी हा आपला सागरी महामार्ग. अंतुले मुख्यमंत्री असतानापासून, म्हणजे १९८०-८२पासून, हे नाव आपण ऐकतोय. सुमारे ५०० किलोमीटरचा मार्ग, आणि अडलंय ते खाड्यांवर : करंजा, दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब वर्षानुवर्षे उभे राहिलेले आपण पाहिले. मधल्या काळात फेरीबोटी आल्या. दाभोळ-धोपावे २००३ला सुरू झाली, तवसाळ-जयगडलाही आता मोटारीसकट पलीकडे जाता येतं. फार मोठी सोय आहे. पण बोट रात्री बंद होते.

आणि एक आठवण ठेवू या. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून निघालेली 'रामदास' बोट कुठे चालली होती? रेवसला. सहाशेच्या वर माणसं बुडाली. ज्या रेवसला ती पोचली नाही, तिथूनच हा सागरी महामार्ग सुरू होतो.

या मार्गाच्या बातम्यांत पर्यटन असतं, बंदरं असतात, मुंबई-गोवा किती तासांत होईल ते असतं. असू दे. तारेच्या वेळी जहाजं होती, कॅनिंगच्या वेळी शेअर होते. शहराचं काही ना काही काम असल्याशिवाय शहर पैसा घालत नाही, हे मी इतकी वर्षं कोलकात्यात राहून शिकले. माझं मागणं एवढंच आहे, की आराखडा करणाऱ्यांनी दिवसाच्या गाड्या मोजून झाल्यावर एक रात्र खाडीच्या धक्क्यावर बसावं, शक्यतो श्रावणात. कोण येतं, कोण परत जातं ते लिहून घ्यावं. पुलामुळे वाचणारे किलोमीटर महत्त्वाचे आहेतच, पण काठावरच्या माणसाला पूल देतो ती रात्र. संध्याकाळी सहानंतरही त्याचा गाव जगाला जोडलेला राहतो.

गेल्या वर्षी नामखान्याच्या पुलावरून रात्री परत आले. खाली जुन्या घाटावर अंधार होता. गाडी पूल ओलांडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मला त्या बाजेजवळ बसलेल्या बाईची आठवण झाली, आणि मामांची.

तुमच्या गावची खाडी कुठली, आणि रात्री तुम्ही ती कशी ओलांडत होता, जरूर कळवा. पुढच्या भागात आपण हुगळीवरच राहू आणि १८७४च्या त्या तरंगत्या पुलाची गोष्ट ऐकू, जो जहाजांसाठी मधून उघडायचा आणि अख्खं शहर थांबवायचा.